पॅनलचा कोन, टाकीची सावली आणि तुमचे पैसे

छतावर सोलर बसवायचं ठरलं की आठवड्याभरात हाती तीन कोटेशनं येतात. तिन्हींवर ‘३ किलोवॉट ऑन-ग्रिड’ असंच लिहिलेलं असतं, पण रकमांत तीस-चाळीस हजारांचा फरक असतो. पॅनल जवळपास त्याच दर्जाचे, इन्व्हर्टर एकोणीस-वीस. फरक बहुतेक वेळा पॅनलखालच्या लोखंडात असतो: किती उंच, किती जाड, किती कलतं. मग प्रत्येक वेंडर आपापलं शास्त्र सांगतो. एक म्हणतो, बरोबर १९ अंशांचाच कोन हवा. दुसरा म्हणतो, आठ फूट उंच स्ट्रक्चर घ्या, खाली बसायला जागा होईल. तिसरा फिरवता येणारं स्ट्रक्चर काढून दाखवतो, उन्हाळ्यात वेगळा कोन आणि हिवाळ्यात वेगळा. यातल्या कशाला पैसे मोजायचे?

त्यासाठी आधी एक टक्का विजेची किंमत काढू. महाराष्ट्रात १ किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतो. तीन किलोवॉटचे वर्षाला साधारण ४,२०० ते ४,४०० युनिट होतात. युनिटला १० रुपये वाचतात असं धरलं, तर एक टक्का म्हणजे ४२ युनिट, म्हणजे वर्षाला सव्वाचारशे रुपये. हा आकडा वहीत लिहून ठेवा. वेंडरची प्रत्येक ‘सुधारणा’ याच आकड्याने तपासायची.

कोनाचा हिशेब

पुणं १८.५ अक्षांशावर, मुंबई १९ वर, नाशिक २० वर, नागपूर २१ च्या थोडं पुढे, कोल्हापूर १६.७ वर आणि पणजी १५.५ वर. पॅनल दक्षिणेकडे आणि अक्षांशाइतके कलते ठेवले की वर्षभरात सर्वाधिक वीज मिळते, हा नियम ढोबळमानाने खरा आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं आणि स्वच्छ ऊन हिवाळ्यात मिळतं. त्यामुळे अक्षांशापेक्षा एक-दोन अंश जास्त ठेवले तर कणभर फायदाच होतो.

पण हा कोन चुकला तर नुकसान किती? पुण्याच्या गच्चीवर २० अंशांऐवजी १५ अंश ठेवले, तर वर्षाच्या विजेत अर्धा टक्काही फरक पडत नाही. १० अंश ठेवले तर दीड-दोन टक्के जातात. पॅनल अगदी आडवे टाकले तर सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे १९ चा कोन १२ झाला म्हणून वर्षाला चारपाचशे रुपयांचं नुकसान. त्यासाठी पंधरा हजार जादा मोजायला कोणी सांगत असेल, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

दिशेचंही तसंच. पुष्कळ घरं अचूक दक्षिणोत्तर नसतात, रस्ता जसा वळतो तशी वळलेली असतात. पॅनल भिंतीला समांतर लावले तर ते आग्नेयेला किंवा नैर्ऋत्येला तोंड करतात. १५ अंशांच्या कलावर ४५ अंशांची दिशाचूक झाली, तरी दोनेक टक्केच जातात. उलट अचूक दक्षिण साधायला पॅनल गच्चीवर तिरके लावले, तर कोपऱ्यांत जागा वाया जाते आणि एखादं पॅनल कमी बसतं. तीन किलोवॉटच्या सहा पॅनलांत एक कमी म्हणजे सतरा टक्के गेले. भिंतीला समांतर लावा, बिनधास्त.

दिशा तपासायला मोबाइलमधला कंपास चालतो. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम एका अंशाचा फरक आहे. फक्त टाकीच्या लोखंडी स्टँडजवळ किंवा स्लॅबच्या सळयांवर मोबाइल ठेवून पाहू नका, काटा भलतीकडेच जातो. त्याहून खात्रीची रीत म्हणजे हिवाळ्यात एक काठी उभी करा आणि सर्वांत आखूड सावली कुठे पडते ते बघा. ती बरोबर उत्तरेला पडते. घड्याळात बारा वाजता मात्र पाहू नका. पुण्या-मुंबईत सूर्य माध्यान्हीला साडेबाराच्या आसपास येतो, नागपुरात सव्वाबाराला. ही रीत मे ते जुलै वापरायची नाही, कारण तेव्हा सूर्य आपल्या डोक्यावर असतो किंवा उत्तरेकडे झुकलेला असतो. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, तो याचमुळे.

कोनाला खालची मर्यादा मात्र आहे, आणि ती विजेपेक्षा धुळीची आहे. ८-१० अंशांपेक्षा कमी उतार ठेवला की पावसाचं पाणी फ्रेमच्या खालच्या कडेला साचतं. ते वाळलं की तिथे बोटभर रुंदीचा मातीचा पट्टा तयार होतो आणि तो खालच्या ओळीतले सेल झाकतो. दोन-तीन वर्षं जुन्या, सपाट बसवलेल्या कुठल्याही संचाकडे बघा, हा पट्टा दिसेलच. तो दिसला की मालक म्हणतो, ‘पहिल्या वर्षासारखी वीज येत नाही.’ म्हणून १० ते १५ अंश. गच्ची मोकळी आणि मोठी असेल तर २० पर्यंत जा.

फिरवता येणाऱ्या स्ट्रक्चरचा फायदा वर्षातून दोनदा कोन बदलला तर चार-पाच टक्के होतो, म्हणजे दोन हजार रुपये. त्यासाठी दर सहा महिन्यांनी पाने घेऊन गच्चीवर जायचं आणि ऑक्टोबरात गंजलेले बोल्ट सोडवायचे. पहिल्या वर्षी उत्साह असतो, दुसऱ्या वर्षापासून कोन जिथल्या तिथे राहतो. घरगुती संचाला हे नको.

सावलीचा हिशेब

खरे पैसे इथे जातात, आणि कोटेशनमध्ये याचा एक शब्दही नसतो.

पॅनलमधले सेल एकमेकांना साखळीत जोडलेले असतात, आणि साध्या इन्व्हर्टरवर सहाही पॅनल एकाच साखळीत असतात. एका पॅनलच्या कोपऱ्यावर टाकीची सावली पडली की तेवढ्या कोपऱ्याचंच नुकसान होतं असं नाही. पॅनलमध्ये तीन बायपास डायोड असतात, ते सावलीतला भाग वगळून बाकीच्यातून वीज जाऊ देतात. त्यामुळे अख्खी साखळी बंद पडत नाही, पण हाताएवढ्या सावलीने पॅनलचा तिसरा हिस्सा किंवा निम्मा भाग निकामी होतो. पाइपाची, अँटेनाची, कपड्यांच्या तारेची सावली बारीक वाटते, तरीही ती मोजावी लागते.

सूर्य सर्वांत खाली असतो तो डिसेंबरात. पुण्यात २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही तो क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो, आणि साडेतीनला २९ अंशांवर येतो. यावरून एक उपयोगी नियम निघतो: दक्षिणेकडच्या अडथळ्याची पॅनलपेक्षा जेवढी जास्त उंची, त्याच्या सव्वापट अंतर सोडा. म्हणजे सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन सावली लागत नाही. गच्चीचा कठडा तीन फुटांचा आहे आणि पॅनलची पुढची कड स्लॅबपासून एक फुटावर आहे, तर फरक दोन फुटांचा. मग कठड्यापासून अडीच फूट आत सुरुवात करा.

आता टाकी. वास्तुशास्त्र मानणाऱ्या घरांत वरची टाकी हमखास नैर्ऋत्येला किंवा पश्चिमेला असते. वास्तूचं काय असेल ते असो, सोलरसाठी ती गच्चीवरची सर्वांत महागडी जागा आहे. स्टँडसह टाकीचा माथा आठ फुटांवर आणि पॅनल दोन फुटांवर असेल, तर सहा फुटांचा फरक. डिसेंबरात दुपारी साडेतीनला तिची सावली ईशान्येकडे साडेदहा फूट जाते, साडेचारला अठरा फूट. सहापैकी दोन पॅनल रोज दोन तास झाकले गेले, तर हिवाळ्याच्या चार महिन्यांत शंभर ते पावणेदोनशे युनिट जातात. म्हणजे वर्षाला हजार ते सतराशे रुपये, पंचवीस वर्षं. प्लंबर लावून टाकी उत्तरेच्या कडेला न्यायला पाच ते दहा हजार रुपये पुरतात. गणित सरळ आहे. टाकी हलवणं शक्य नसेल, तर पॅनलच गच्चीच्या दुसऱ्या अंगाला न्या.

जिन्याची खोली, लिफ्टची खोली आणि शेजारची इमारत मात्र हलत नाही. अशा वेळी वेंडर मायक्रो-इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर सुचवतो. त्यात प्रत्येक पॅनल स्वतंत्र चालतं, त्यामुळे सावलीतलं पॅनल बाकीच्यांना ओढत नाही. तीन किलोवॉटला साध्या इन्व्हर्टरपेक्षा साधारण तीस-चाळीस हजार जादा लागतात. सावली दिवसाचे दोन-तीन तास वर्षभर पडत असेल तरच हा खर्च निघतो. मोकळ्या गच्चीवर कोणी हे विकत असेल तर घेऊ नका. आणि सावलीत गेलेलं पॅनल स्वतः वीज देत नाही, हे मायक्रो-इन्व्हर्टरलाही बदलता येत नाही.

झाडांचं वेगळं. शेजाऱ्याचा नारळ आज पंधरा फुटांचा आहे, पंचवीस वर्षांनी नसेल. सोनमोहोर आणि गुलमोहोर तर चार-पाच पावसाळ्यांतच गच्ची गाठतात. रिकाम्या प्लॉटच्या बाजूला पॅनल लावण्याआधी तिथे किती मजले होऊ शकतात, हे एकदा विचारून घ्या.

रांगा आणि फूट

हल्ली घरगुती संचात ५४०-५५० वॉटचं पॅनल सर्रास दिसतं. ते सुमारे साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि अठ्ठावीस-तीस किलो वजनाचं असतं. अशी सहा लावली की सव्वातीन किलोवॉट होतात. नुसत्या पॅनलची जागा १७० चौरस फूट होते, पण दोन रांगांमधलं अंतर आणि झाडूपोछ्यासाठी वाट धरली की किलोवॉटला शंभर चौरस फूट पकडावे लागतात.

कोन आणि जागा यांचं भांडण इथे होतं. पॅनल जितकं कलतं, तितकी त्याची मागची कड उंच, आणि मागच्या रांगेवर सावली लांब. लांब बाजू उताराला धरून लावलेल्या पॅनलला २० अंश दिले की मागची कड अडीच फूट उचलली जाते आणि मागे तीन फूट मोकळे सोडावे लागतात. १० अंशांवर हीच कड सव्वा फूट उचलते आणि दीड-पावणेदोन फुटांत भागतं. आता समजा कठडा सोडून दक्षिणोत्तर २६ फूट जागा आहे. १० अंशांवर तीन रांगांना सव्वापंचवीस फूट लागतात, तीन रांगा बसतात. २० अंशांवर तीन रांगांना सव्वासत्तावीस फूट हवेत, म्हणून दोनच बसतात. रांगेत तीन पॅनल धरले तर नऊ पॅनल की सहा, असा हा प्रश्न आहे, आणि नवाच्या बाजूने नुकसान दीड-दोन टक्क्यांचं. लहान गच्चीवर कमी कोन घ्यावा तो याचसाठी. वेंडरकडून रांगांचा आराखडा फुटांत मागा, उत्तर दिशा दाखवून आणि टाकी-कठडा काढून. तो देत नसेल तर त्याने गच्ची मोजलेलीच नाही असं समजा.

कोकणात आणि गोव्यात बरीच घरं कौलारू किंवा पत्र्याची. तिथे उतार आधीच ठरलेला असतो, साधारण २० ते ३० अंश. दक्षिणेकडचा उतार मिळाला तर पॅनल त्याला समांतर लावा आणि विषय संपवा. पूर्व-पश्चिम उतार असेल तर आठ-दहा टक्के कमी मिळतात, तेही परवडतं. फक्त दोन्ही उतारांच्या साखळ्या वेगळ्या राहाव्यात म्हणून इन्व्हर्टरला दोन एमपीपीटी, म्हणजे दोन साखळ्या स्वतंत्र चालवायची सोय, असल्याची खात्री करा. उत्तरेकडच्या तीव्र उताराला मात्र पाचवा हिस्सा जातो, तिथे लावू नका. पत्र्यावर आणखी फ्रेम चढवून कोन दुरुस्त करायचा मोह टाळा, वादळात तेच पहिलं उडतं. आणि पत्रा व पॅनल यांच्यात चार-सहा इंच हवा खेळती ठेवा. पॅनल २५ अंश सेल्सिअस तापमानाला जेवढी वीज देतं, त्याहून प्रत्येक अंश तापमानामागे साधारण ०.३५ टक्के कमी देतं. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं, तेव्हा चौदा टक्के तिथेच गेलेले असतात.

लोखंड, कोबा आणि वारा

उंच स्ट्रक्चर विजेसाठी क्वचितच लागतं. ते लागतं गच्चीसाठी. वाळवणं, कुरडया, पापड, कपडे, उन्हाळ्यातली रात्रीची झोप, हे सगळं जिथे चालतं ती गच्ची बुटक्या पॅनलांनी अडवली तर घरातले लोक तुम्हाला बोलणारच. सात-आठ फुटांवर पॅनल नेले की खालची जागा वापरता येते, आणि बऱ्याचदा टाकी-कठड्याची सावलीही चुकते. तीन किलोवॉटला यासाठी साधारण २५ ते ४५ हजार जादा लागतात. हा पैसा गच्चीच्या वापरासाठी खर्च करताय, वीजबिलात तो परत येईल असं धरू नका.

उंच स्ट्रक्चर घेतलं तर दर वॉटमागे न विचारता किलोमागे विचारा: एकूण लोखंड किती किलो, जाडी किती मिलिमीटर, आणि हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड आहे की नुसता रंग मारलेलं. जागेवर वेल्डिंग करून चंदेरी रंग फासलेलं स्ट्रक्चर कोकणच्या खाऱ्या हवेत चार पावसाळ्यांत गंज धरतं. भारतीय मानकानुसार मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, आणि पुण्यासाठी ३९ मीटर. स्ट्रक्चर त्यासाठी काढलेलं आहे, असं लेखी घ्या. जून २०२० मध्ये निसर्ग आणि पुढच्याच वर्षी तौक्ते, या दोन वादळांनी रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लोकांना हे वेगळं सांगायची गरज ठेवलेली नाही. पॅनल कठड्याबाहेर लटकवून जागा वाढवू नका, कडेला वारा सर्वांत जोरात उचलतो.

सर्वांत दुखरी जागा म्हणजे स्लॅबला पाडलेली भोकं. आपल्या गच्च्यांवर बहुतेक ठिकाणी विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. अँकर बोल्टसाठी ड्रिल त्यातून आरपार गेलं, की पहिल्या पावसाळ्यात काही दिसत नाही आणि दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छतावर पिवळा डाग उमटतो. तोवर वेंडर म्हणतो गळती जुनी आहे, आणि वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो भोकं सोलरवाल्याने पाडली. बुटक्या स्ट्रक्चरला सिमेंटचे ठोकळे कोब्यावर ठेवून भागतं, भोक पाडावं लागत नाही. उंच स्ट्रक्चरला अँकर लागतोच. तिथे केमिकल अँकर, भोवती सिमेंटचा गट्टू आणि त्याला पाण्याचा ढाळ, एवढं काम समोर उभं राहून करून घ्या. आणि वॉटरप्रूफिंग करायचं राहिलं असेल तर ते आधी करा. नंतर पॅनल उतरवून पुन्हा चढवायचा खर्च तुमच्याच खिशातून जातो.

कागदावरची रक्कम

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिचं अनुदान पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि कमाल ७८,००० रुपये. तीनच्या वर कितीही बसवा, ७८ हजारच. त्यासाठी पॅनल भारतीय सेलचे, म्हणजे डीसीआर, असावे लागतात आणि वेंडर नोंदणीकृत हवा. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर भरायचा, संच सुरू होऊन तपासणी झाली की पैसे थेट बँक खात्यात येतात. म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम तुमच्याच हातून जाते. सोसायटीच्या सामायिक विजेसाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात.

सरकारने अनुदान ठरवताना पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० रुपये खर्च धरला, म्हणजे तिनाला १ लाख ४५ हजार. बाजारात डीसीआर पॅनल आणि बुटक्या स्ट्रक्चरसह कोटेशन साधारण १ लाख ७० हजार ते २ लाख १० हजारांत येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सामान आणि बसवणी एकत्र करारात असेल, तर ७० टक्के रकमेवर ५ आणि ३० टक्के रकमेवर १८ असा हिशेब होऊन एकूण ८.९ टक्के पडतो. कोणी जुना १३.८ टक्के लावत असेल तर बिल परत करा.

किलोवॉट ठरवताना वर्षभराची बिलं पुढ्यात घ्या. नेट मीटरवर जादा युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण ३१ मार्चला उरलेल्यांना वीज कंपनी देते तो भाव घरगुती दराच्या निम्म्याहूनही कमी असतो. महिन्याला दोनशे युनिटांचं घर असेल, तर वर्षाला २,४०० युनिट लागतात, दोन किलोवॉट पुरतात. अशा घराने तीन किलोवॉट बसवून वर कोनाचे दोन टक्के वाढवायला पैसे घातले, तर ती वाढीव वीज त्या पडत्या भावातच जाणार.

करारात मग एवढं लिहून घ्या: रांगांचा आराखडा जोडपत्र म्हणून, कोन, पुढच्या कडेची उंची, लोखंडाचे किलो, अँकरची पद्धत, गळतीची जबाबदारी किती वर्षं, आणि योजनेप्रमाणे पाच वर्षांची देखभाल. शेवटचा हप्ता, दहा टक्के तरी, नेट मीटर लागून पहिलं बिल हाती येईपर्यंत रोखून धरा. पॅनल धुवायला बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरू नका, पांढरे डाग बसतात. आणि दुपारी तापलेल्या काचेवर पाणी मारू नका. पंधरा-वीस दिवसांतून एकदा सकाळी मऊ फडकं पुरतं. कबुतरं आणि कावळे असतील तर पॅनलखाली जाळी आधीच मागून घ्या. नंतर लावायची म्हटली तर मजुरी वेगळी पडते आणि घरटीही तोवर झालेली असतात.